चेहरा की चमत्कार?

छायाचित्रणाची कला शिकवू म्हणणाऱ्या वर्गांचा आपल्या शहरांतून अलीकडे जो सुळसुळाट झाला आहे, त्यासंबंधाने चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. हा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाचा नव्हे, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या काळी बहुतेकांच्या खिशात कॅमेरा असतो आणि माणसे दिवसातून चार वेळा एकमेकांचे व स्वतःचे चेहरे टिपीत बसतात, त्या काळी माणसाचा चेहरा कसा पाहावा हा प्रश्न चरित्र कसे लिहावे या प्रश्नाहून मुळीच धाकटा नाही. चरित्रकाराने नायकाच्या आयुष्यातील अडचणीची पाने फाडली तर आपण त्याला फैलावर घेतो. छायाचित्रकार माणसाच्या तोंडावरील तीच पाने रोज फाडतो आहे, आणि आपण त्याला पैसे मोजून वर शाबासकी देत आहो.

मध्यंतरी अशा एका वर्गाची अभ्यासपत्रिका आमच्या हाती आली. वर्ग दोन दिवसांचा. विषय ‘व्यक्तिचित्र व आत्मचित्र यांतील सर्जनशील तंत्रे’. पहिल्या दिवशी भिंगापुढे काचेचा लोलक धरून चेहऱ्याभोवती इंद्रधनुष्य कसे पाडावे, भिंगाच्या कडेस व्हॅसलीन लावून धुके कसे आणावे, एका गालावर तांबडा व दुसऱ्यावर निळा दिवा कसा टाकावा, भिजलेल्या काचेआड माणूस कसा बसवावा, एका प्रतिमेवर दुसरी कशी चढवावी आणि फुटक्या आरशात स्वतःचे चार तुकडे कसे टिपावेत, हे सर्व. दुसरा दिवस संगणकाचा. कातडी नितळ करणे, डोळे टपोरे करणे, जबडा निमुळता करणे व रंग ‘उजळणे’. एकंदर चोवीस कलमे होती. आम्ही ती दोनदा वाचली. समोर येऊन बसलेल्या माणसाशी काय बोलावे, तो केव्हा सावरून बसतो व केव्हा स्वतःला विसरतो, याविषयी त्या चोवीसांत एकही कलम आम्हांस आढळले नाही.

यावरून आम्ही युक्त्यांचे वैरी आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. लोलकही चांगला आणि आरसाही चांगला. आमचे म्हणणे इतकेच की, काही सांगावयाचे असले म्हणजे तंत्र सुचते. सांगावयाचे काही नसता पाठ केलेले तंत्र हे चेहरा चुकविण्याचे साधन होऊन बसते. आणि ज्या विद्येने आज चेहरा चुकविता येतो, तिनेच तो उद्या पुसताही येतो.

हे आम्ही नुसत्या तर्काने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आमची आजी वारली. तिचे घरात एकच बरेसे छायाचित्र होते. कोणाच्याशा लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून बसली असता कोणीतरी सहज टिपलेले. तेराव्याला भिंतीवर लावावयास मोठी प्रत हवी म्हणून आम्ही ते तालुक्याच्या गावी एका दुकानात दिले. दुसऱ्या दिवशी आणावयास गेलो, तेव्हा दुकानदाराने मोठ्या कौतुकाने चौकट पुढे केली. “दादा, आजींच्या तोंडावर डाग फार होते, सगळे साफ केले बघा. त्याचे वेगळे पैसे नाहीत,” तो म्हणाला. डाग ते कोणते? आजीच्या दोन भुवयांमध्ये गोंदण होते आणि हनुवटीवर एक हिरवट ठिपका. ती लहान असताना जत्रेत आलेल्या गोंदणारणीकडून तिच्या आईने ते गोंदवून घेतले होते. मेल्यावर बाकी सारे दागिने उतरवून घेतात, बरोबर येते ते एवढेच, असे ती आम्हां नातवंडांस सांगत असे. ते बरोबर न्यावयाचे लेणे दुकानदाराने एका दुपारीत नाहीसे केले होते. सुरकुत्याही गेल्या होत्या. रंग दोन छटांनी उजळला होता. घरी आणल्यावर आमच्या आत्याने, म्हणजे आजीच्या थोरल्या लेकीने, पदराने काच पुसली, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कुणाची रे आई?”

त्या दुकानदारास आम्ही दोष देत नाही. तो शिकला त्या विद्येला इमानाने जागला होता, आणि त्याची वागणूक सौजन्याची होती. डाग आणि गोंदण यांतील भेद त्याला कोणी शिकविला नव्हता, एवढेच.

खरी युक्ती कोणास व कशी सुचते हे पाहावयाचे तर या कलेच्या जन्मकाळी जावे लागते. १८३९ साली दागेरच्या शोधाचा जगभर गवगवा झाला, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियातील रॉबर्ट कॉर्नेलियस या दिव्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलाने आपल्या दुकानामागील अंगणात स्वतःच स्वतःचे चित्र घेतले. केस विस्कटलेले, चेहरा चौकटीच्या मध्यावरून सरकलेला. पण नजर अशी की पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण तिला बगल देऊ शकत नाही. त्याहून मासलेवाईक गोष्ट पॅरिसच्या इपोलित बायारची. हा अर्थखात्यातला कारकून. त्याने कागदावर थेट चित्र उमटविण्याची स्वतंत्र रीत शोधून काढली होती, आणि १८३९ च्या जूनमध्ये आपली चित्रे लोकांपुढे मांडलीही होती. परंतु सरकारी मान व निर्वाहवेतन दागेरच्या वाट्यास गेले, बायारची बोळवण किरकोळ रकमेवर झाली. तेव्हा १८४० साली त्याने काय करावे? अंगावर अर्धे वस्त्र, मिटलेले डोळे, कलती मान, बाजूस भिंतीवर गवती टोपी, अशा थाटात बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेऊन त्याने स्वतःचे चित्र घेतले, आणि पाठीमागे लिहून ठेवले की, दागेरला सर्व काही देणाऱ्या सरकारला बायारसाठी काही करता येईना, म्हणून त्या अभाग्याने पाण्यात जीव दिला. उन्हाने रापलेले त्याचे तोंड व हात चित्रात बाकीच्या अंगाहून काळे उमटले होते. दुसऱ्या कोणी तो दोष समजून चित्र फेकून दिले असते. बायारने त्याच मजकुरात लिहिले की, पाहणाऱ्यांनी जपून जावे, प्रेताचे तोंड व हात कुजू लागले आहेत! हा गृहस्थ पुढे ४७ वर्षे जगला. सोंग, नाट्य, खोटी सही, आजच्या वर्गांत ज्यास ‘संकल्पना’ म्हणतात ते सगळे त्या एका कागदात आहे. पण ते कोणत्या अभ्यासपत्रिकेतून आलेले नाही. त्या माणसाच्या पोटात आग होती आणि तिला वाट हवी होती.

जुलिया मार्गारेट कॅमरॉन ही बाई आपल्या कलकत्त्यास जन्मली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ च्या अखेरीस, लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तिच्या चित्रांतील धूसरपणाबद्दल तत्कालीन जाणत्यांनी तिची यथेच्छ टर उडविली. बाईला भिंग नीट लावता येत नाही असे त्यांचे मत पडले. तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे की, भिंग फिरवीत असता जे रूप तिच्या डोळ्यांस सुंदर दिसे तेथेच ती थांबे. इतरांप्रमाणे रेघ अन् रेघ स्पष्ट होईपर्यंत ते पिळीत बसत नसे. आज तीच धूसरता पंधरा मिनिटांत शिकवितात, आणि शिकणारे ती सुरकुत्या झाकण्यासाठी वापरतात. कॅमरॉनबाईंनी १८६७ साली जॉन हर्शेल या वृद्ध ज्योतिर्विदाचे जे चित्र घेतले ते या शिक्षकांनी एकवार नीट पाहावे. म्हाताऱ्याला तिने मुद्दाम केस धुवावयास लावले, म्हणजे ते मोकळे होऊन उजेड धरतील. अंगावर काळे वस्त्र दिले. पण त्याच्या कपाळावरील एक आठी किंवा डोळ्यांखालील एक वळी तिने हरवू दिली नाही. धुके आहे ते त्या माणसाच्या भोवती आहे. त्याच्या तोंडावर नाही.

आपल्याकडे या विद्येचे शिक्षण काही आजचे नव्हे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या प्रमुख एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि पुढे मुंबईत नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात तयार झाले. म्हणजे या कलेत आपण फारसे मागाहून आलो असे नाही. पण याच मुंबईत दुसराही एक प्रकार चालला होता. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या लोकांची चित्रे दोन भागांत, १८६३ व १८६६ साली, प्रसिद्ध केली. त्यांतली माणसे आपापल्या घरादारापुढे उभी दिसतात. वस्तुतः ती कामशाळेत उभी केलेली असून मागची दृश्ये निराळी घेऊन मागाहून जोडलेली आहेत. हस्तकौशल्य म्हणून पाहिले तर काम नामी आहे. परंतु चित्राखाली माणसाचे नाव नाही, जातीचे आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांच्या चित्रांचे जे आठ खंड निघाले त्यांतही बहुतेक ठिकाणी हाच न्याय. माणूस कातरीने उचलावयाचा आणि आपल्याला हव्या त्या पार्श्वभूमीवर चिकटवावयाचा, ही युक्ती येथे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी राबली. तालुक्याच्या दुकानात मयत शेतकऱ्याच्या मानेखाली आयता कोट-टाय चिकटवून देतात, ती या युक्तीचीच नात आहे. फरक इतकाच की आता आपणच आपल्या माणसांना कातरीखाली देतो.

तर मग सोंग सर्वथा वाईटच काय? मुळीच नाही. जुन्या स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यापुढे, एका हाती पुस्तक व दुसरा हात कुंडीवर ठेवून बसलेली आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे आम्हांस फार आवडतात. पुस्तक त्यांनी वाचले असेल वा नसेल. ते हाती धरण्याची हौस मात्र त्यांची स्वतःची होती, आणि ती तोंडावर दिसते. बंगलोरच्या पुष्पमाला यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्त्रीच्या सहकार्याने दक्षिण भारतीय स्त्रियांची सोंगे स्वतः घेऊन एक मोठी चित्रमाला केली. तीत, चौकटी आखलेल्या पडद्यापुढे माणसाला उभे करून त्याच्या अंगाची मापे घेण्याची गोऱ्या पंडितांची जी पद्धत होती, तिचेही सोंग त्यांनी घेतले आहे. ज्या युक्तीने मुकी माणसे ‘नमुने’ झाली, ती युक्ती नमुना होणाऱ्या बाईने स्वतःच्या हाती घेतली म्हणजे काय होते, ते तेथे पाहावे. तेव्हा आमची कसोटी सोंगाची नाही. ते कोणाच्या इच्छेने घेतले, एवढेच आम्ही विचारतो.

आता खुद्द तंत्राकडे वळू. तंत्र शिकूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट जे शिकविणे अगत्याचे ते शिकवीत नाहीत, ही आमची मुख्य तक्रार आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर कोण आहे हे मुळात ठाऊक नसते. जे काही समोर असेल ते आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकते, असे गृहीत धरून तो हिशेब मांडतो. सावळ्या माणसाला चुन्याच्या भिंतीपुढे उभे करा. मापक भिंत पाहून उजेड आखडता घेतो, आणि तोंडाच्या जागी काळा खड्डा पडतो. तोच चेहरा जवळून, सबंध चौकट भरून घ्या. आता मापक उजेड ओततो आणि चेहरा राखेसारखा फिक्कट उमटतो. अलीकडच्या फोनांना चेहरा ओळखता येऊ लागल्यापासून ही चूक कमी झाली आहे, पण मोडलेली नाही. उपाय फार सोपा आहे. चेहऱ्यापाशी जाऊन तेथे पडणारा उजेड मोजावा. ते साधन नसेल तर आपला तळवा त्याच उजेडात धरून त्यावरून मोजावे व एक पायरी उजेड वाढवावा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गोऱ्या कातडीवर आकार मुख्यतः सावलीने समजतो, सावळ्या कातडीवर तो बहुतांशी चकाकीने समजतो. म्हणून लहानसा प्रखर दिवा समोरून मारला की कपाळावर पांढरा ठिपका आणि बाकी सारे सपाट. तेच मोठी खिडकी बाजूला घ्या, दुसऱ्या बाजूस धुतलेले धोतर किंवा पांढरी चादर ताणून धरा. गालाच्या हाडावरून आणि नाकाच्या कडेवरून उजेड पाण्यासारखा वाहू लागतो. त्यावर पावडर चोपडली की तो प्रवाह आटलाच म्हणून समजावे. सावळाराम हळदणकर यांचे हाती दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्याच्या प्रती आपल्याकडे पुष्कळांनी पाहिल्या असतील. ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांच्या फटींतून झिरपणारी तांबूस आभा, आणि खालून उजळलेला चेहरा. एका दिव्यात किती होते हे ज्यास शिकावयाचे असेल त्याने निळ्या-तांबड्या दिव्यांचे पैसे वाचवून या चित्राच्या चांगल्याशा प्रतीपुढे अर्धा तास बसावे.

हे आपल्याला कोणी का शिकवीत नाही, याचाही इतिहास आहे. आरंभीच्या काचा केवळ निळ्या उजेडाला जाग देत. तांबड्यापिवळ्याला त्या आंधळ्या असत. त्यामुळे गव्हाळ व सावळी माणसे त्यांवर होती त्याहून काळी उमटत. बायारच्या रापलेल्या हातांची जी गत, तीच आपल्या सबंध लोकांची. सर्व रंगांना जाग देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधी निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून तोंड उजळण्याचा जो उद्योग चाले, त्याला निदान यंत्राच्या आंधळेपणाची सबब होती. पुढे रंगीत फिल्मचा जमाना आला. रंग बरोबर उतरला की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पाठवी. त्यावर वर्षानुवर्षे गोरी बाईच असे. तिचा रंग साधला की काम साधले. तपकिरी छटा नीट उतरत नाहीत अशी तक्रार लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी केली, तेव्हा कोठे फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले! माणसांच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटच्या तक्रारीला वजन अधिक मिळाले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विनोद म्हणून सोडून देऊ नये. २०२१ साली गूगलने आपल्या फोनात सावळ्या वर्णाची कातडी यथातथ्य उमटावी म्हणून खास योजना केली. यंत्र असे हळूहळू शहाणे होत आहे. आमचे शिक्षक मात्र संगणकासमोर बसून, यंत्राने प्रामाणिकपणे टिपलेला रंग पुन्हा ‘उजळावयास’ शिकवीत आहेत.

येथे आमच्या प्रतिपक्षाचे नेहमीचे उत्तर पुढे येते. गिऱ्हाइकाला हेच हवे असते, आम्ही काय करावे? विशेषतः लग्नाच्या मुलीचे छायाचित्र, ते तर उजळूनच द्यावे लागते. नाहीतर स्थळ पुढे सरकत नाही. बरे, हे मागणारे गिऱ्हाईक कोण? दुकानात मुलीचा बाप बोलतो, मामा बोलतो, सोबत आलेली काकू बोलते. जिचा चेहरा आहे ती खुर्चीवर बसलेली असते, आणि तिला कोणी पुसत नाही. मग ते उजळलेले छायाचित्र दहा घरी जाते, आणि पाहावयास आलेली मंडळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतात, मुलगी फोटोत दिसते तशी नाही. हे वाक्य आम्ही आमच्या नात्यात ऐकले आहे, आणि ऐकणारीचे तोंडही पाहिले आहे. ज्या छायाचित्राने तिची ओळख करून द्यावयाची, त्यानेच तिला तिच्या स्वतःच्या घरी तोतया ठरविले. वास्तविक ज्या महाराष्ट्राने आपल्या लाडक्या दैवताला सावळा म्हणून शतकानुशतके आळविले, आणि जो दर आषाढीला त्या काळ्या मुखासाठी पायी पंढरपूर गाठतो, त्याने आपल्या लेकींच्या रंगाची लाज बाळगावी हे विपरीत आहे. रंग उजळण्याचे जे मलम १९७५ सालापासून विकले जात होते, त्याच्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० साली काढावा लागला. छायाचित्रणाच्या अभ्यासपत्रिकेतील तेच कलम अजून कोणी काढलेले नाही.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा मुद्दा काढणारा दुसरा एक वर्ग आहे. छायाचित्र म्हणजे आरसा नव्हे, कलावंताने वास्तवाची नक्कल का करावी, असे तो विचारतो. मुद्दा खोटा नाही. बायार व कॅमरॉन यांची साक्ष आम्हीच वर काढली. पण चेहरा दुसऱ्याचा आणि स्वातंत्र्य आपले, असा हा सौदा असल्यामुळे तो जरा जपून करावयास हवा. आणि म्हणूनच आमची एक सूचना आहे. आत्मचित्र हा या वर्गांतून शेवटच्या तासाचा, हौसेचा विषय असतो. तो पहिला करावा. दुसऱ्याच्या तोंडावर लोलक धरण्यापूर्वी विद्यार्थ्याने महिनाभर स्वतःचे तोंड टिपावे. तेथे गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही, की कलेच्या नावाखाली लपता येत नाही. बसणाराही आपण आणि बसविणाराही आपण.

हात लांब करून फोनने घेतलेल्या चित्राला आम्ही आत्मचित्र म्हणत नाही. ते भूमितीच्याच दृष्टीने लबाड असते. अमेरिकेतील काही वैद्यांनी २०१८ साली हिशेब करून दाखविला की, १२ इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रात पुरुषाचे नाक ५ फुटांवरून घेतलेल्या चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासते. आपले नाक वाईट आहे अशी समजूत करून घेऊन मंडळी शस्त्रवैद्याकडे जाऊ लागली, म्हणून त्या बिचाऱ्यांना हे गणित मांडावे लागले. तेव्हा कॅमेरा पाच-सहा फुटांवर तिपाईवर ठेवावा, खिडकीशेजारी खुर्ची मांडावी, दहा सेकंदांची मुदत लावावी आणि बसावे. आरशात आपण आपले तोंड उलटे पाहात आलो असल्यामुळे पहिली चित्रे परक्याची वाटतात. ती तशी वाटू द्यावीत.

हा प्रयोग आम्ही स्वतः केला आहे, आणि त्याचा वृत्तांत देण्यास आम्हांस संकोच वाटत असला तरी देतो. एका सकाळी आम्ही चाळीस चित्रे घेतली. पहिल्या तीसांत आम्ही नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिल्यासारखे हसत होतो. पुढे कंटाळा आला. पाठ दुखू लागली. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली आणि आम्ही तिकडे कान दिला. त्या चित्रात आमच्या वडिलांचे ओठ आहेत. रागावले म्हणजे ते जसे ओठ मिटून घेत, आणि ज्यांचा आम्हांस लहानपणी धाक व पुढे तिटकारा वाटे, नेमके तेच. ते चित्र खोडून टाकावे म्हणून आमचे बोट पुढे झाले. रीटचिंगचा मोह म्हणजे काय वस्तू आहे, हे आम्हांस त्या क्षणी जितके कळले तितके वर लिहिलेल्या सगळ्या इतिहासाने कळले नव्हते. ते चित्र आम्ही ठेवले आहे. ते चांगले आहे असे आमचे म्हणणे नाही.

शिकागोत मुलांची दाई म्हणून राबलेली विव्हियन मायर ही बाई २००९ साली वारली. तिची सहस्रावधी छायाचित्रे तिच्या अखेरच्या काळात लिलावातून लोकांच्या हाती आली. त्यांत तिची स्वतःची पुष्कळ आहेत. कोठे दुकानाच्या काचेत, कोठे आरशात, कोठे तर नुसती गवतावर पडलेली सावली. तिने आरसा वापरला, सावली वापरली, प्रतिबिंबावर प्रतिबिंब वापरले. म्हणजे त्या चोवीस कलमांपैकी पाच-सहा तरी तिला येत होती. मात्र ती चित्रे तिने हयातीत लोकांना दाखविली नाहीत. टाळ्यांसाठी नव्हे, तर आपण येथे होतो एवढे नोंदविण्यासाठी कोणी आरसा उचलतो, तेव्हा त्या आरशाचा चमत्कार कसा ओसरतो व चेहरा कसा वर येतो, ते पाहण्यासारखे आहे.

आता दुकानदाराचीही गरज उरली नाही, हे आम्ही जाणतो. काही फोनांतून कातडी नितळ करण्याची सोय न मागताच चालू असते, आणि आठ-दहा छायाचित्रे हाती दिली की यंत्र आपल्याला कोटात, किल्ल्यावर किंवा सिंहासनावर बसवून देते. ही यंत्रे बंद पाडण्याची मागणी आम्ही करीत नाही. ती कोणी ऐकणारही नाही. पण छायाचित्रण शिकवू म्हणणाऱ्या माणसाने यंत्र जे आपोआप करते तेच विद्यार्थ्यास दोन दिवसांत हाताने करावयास शिकवून त्याचे शुल्क घ्यावे, याला काय म्हणावे? चोवीस कलमांतील निम्मी खोडून त्यांच्या जागी तळव्यावरून उजेड मोजणे, खिडकी ओळखणे, समोरच्या माणसाला त्याचे गाव विचारणे, आणि कोणता डाग कोणाला विचारल्याखेरीज पुसू नये, एवढी चार घातली तरी आमचे समाधान होईल.

आजीचे मूळ छायाचित्र आमच्यापाशी होते. पुढे दुसऱ्या एका छायाचित्रकाराकडून, काही एक न पुसता, त्याची मोठी प्रत आम्ही करून घेतली. मोठी केल्यामुळे ती जरा विरविरीत झाली आहे. मांडवाचा खांब आजीच्या डोक्यावर शिंग फुटल्यासारखा वर आला आहे, आणि उजव्या कडेस कोण्या वाढप्याचा अर्धा हात व त्यातील बुंदीची परात दिसते. दोन भुवयांमधील गोंदण जवळ गेल्याशिवाय ओळखू येत नाही. आत्या येते तेव्हा चष्मा लावून जवळ जाते.